आदर्श नमुना की अपवाद? : समुद्री अर्चिनच्या हिस्टोन जनुकांवरील संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

समुद्री अर्चिन हा कंटकचर्मी संघातील काटेरी प्राणी शंभराहून अधिक वर्षे भ्रूणविज्ञानाच्या प्रयोगशाळांत वापरला जात आहे. एका मादीपासून लक्षावधी अंडी मिळतात, फलन शरीराबाहेर होते आणि एकाच वेळी फलित केलेले भ्रूण जवळजवळ बरोबरीने विभागत जातात. त्यामुळे विशिष्ट अवस्थेतील पुष्कळ द्रव्य जीवरसायनशास्त्रज्ञाच्या हाती येते. १९६० नंतरच्या तीन दशकांत या प्राण्याच्या हिस्टोन जनुकांवर आणि त्यांच्या संदेशवाहक आरएनएवर जे संशोधन झाले, त्याने रेणवीय विकासजीवशास्त्राचा पाया घालण्यास हातभार लावला. या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. मात्र त्यावरून काढलेली अनुमाने किती व्यापक मानावीत, याचा विचार स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या संशोधनाची चिकित्सा केली आहे.

मातृक साठा आणि भ्रूणाची स्वतःची जनुके

एथेल ब्राउन हार्वे यांनी १९३६ मध्ये असे दाखवले की, केंद्रक नसलेले अंड्याचे अर्धेही कृत्रिम उद्दीपनानंतर विभागू शकतात. पुढे पॉल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ च्या सुमारास अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या द्रव्याने आरएनएनिर्मिती रोखली. तरीही भ्रूणात प्रथिने तयार होत राहिली व विदलन ब्लास्टुला अवस्थेपर्यंत चालू राहिले. पुढचा विकास मात्र खुंटला. अंड्यात मातेकडून आलेला संदेशवाहक आरएनएचा साठा असतो, हा यातून निघणारा निष्कर्ष योग्यच होता.

अडचण निर्माण होते ती याच प्रयोगावरून रचलेल्या सोप्या क्रमामुळे : ‘आधी मातेचा साठा, नंतर भ्रूणाची जनुके’. अ‍ॅक्टिनोमायसिन दिलेला भ्रूण काय करू शकतो, एवढेच या प्रयोगातून कळते. द्रव्य न दिलेला भ्रूण प्रत्यक्षात काय करतो, हे त्यातून कळत नाही. हिस्टोनच्या अभ्यासाने नेमके हेच अंतर उघड केले. केडिस व ग्रॉस यांनी १९६९ मध्ये विभागणाऱ्या भ्रूणांत नव्याने तयार होणारे लहान आकाराचे आरएनए ओळखले. ते लहान पॉलिरायबोसोमवर आढळत आणि केंद्रकातील प्रथिनांचे साचे म्हणून काम करीत. याचा अर्थ विदलनाच्या काळातच भ्रूणाची हिस्टोन जनुके कार्यरत असतात. मातृक साठा आणि नवी निर्मिती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. त्यांच्यात पहिली व दुसरी पायरी असा संबंध नाही.

दुसऱ्या प्राण्याशी तुलना केल्यास ही बाब अधिक ठळक होते. आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात प्रतिलेखनाचा मोठा आरंभ बाराव्या विभाजनानंतर होतो, असे न्यूपोर्ट व कर्शनर यांनी १९८२ मध्ये दाखवले. तेव्हा ‘भ्रूणाची जनुके केव्हा जागी होतात’ या प्रश्नाला सर्व प्राण्यांसाठी एकच उत्तर नाही. अर्चिनचा प्रयोग सांगून बेडकाचा निष्कर्ष शिकवला, तर दोन्ही प्राण्यांवर अन्याय होतो.

साठ्याची जागा

अंड्यातील मातृक संदेश प्रथिनांच्या आवरणामुळे निष्क्रिय राहतात, ही कल्पना १९६० च्या दशकात पुढे आली व लवकरच प्रभावी ठरली. हिस्टोनचे संदेश तिच्या चौकटीत बसवणे स्वाभाविक होते. परंतु लिन व रॉबर्ट अँजेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हिस्टोनचे हे आरएनए अंड्याच्या स्त्री-पूर्वकेंद्रकात एकवटलेले असतात, असे दाखवले. १९८२ मध्ये रॅफ यांच्या गटाच्या कामानेही याला दुजोरा मिळाला. पहिल्या विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळते आणि मगच हे संदेश पेशीद्रव्यात येतात. इतर अनेक मातृक संदेशांच्या तुलनेत हिस्टोन एच-३ च्या संदेशाचे भाषांतरण उशिरा का सुरू होते, याचा उलगडा यातून झाला.

येथे एक पद्धतीविषयक धडा आहे. पेशी फोडून मिळवलेल्या अर्कात एखादा रेणू ‘आहे’ हे कळते. तो अखंड पेशीत ‘कोठे आहे’ हे कळत नाही. मातृक साठ्याचे उदाहरण म्हणून ज्या संदेशाकडे सहज बोट दाखवले जाते, तो साठवणुकीच्या बाबतीत अगदीच वेगळा निघाला.

जनुकांची रचना : सोय आणि सामान्यीकरण

केडिस व बिर्नस्टील यांनी १९७१ मध्ये ही जनुके शेकडो प्रतींत असून एकत्र गुंफलेली आहेत, असे दाखवले. १९७५ मध्ये ती जीवाणूंत वाढवून वेगळी करण्यात आली. १९७८ पर्यंत ‘सॅमेकिनस मिलिअ‍ॅरिस’ या जातीतील जनुकांचा क्रम उपलब्ध झाला : एच-१, एच-४, एच-२बी, एच-३ व एच-२ए अशी पाच जनुके, एकाच दिशेने वाचली जाणारी, सुमारे सहा हजार न्यूक्लिओटाइड जोड्यांच्या एककात बसवलेली आणि तेच एकक पुनःपुन्हा आलेले.

प्रतींची ही विपुलता हेच या जनुकांच्या निवडीचे कारण होते. जे भरपूर असते, ते वेगळे करणे सोपे जाते. परंतु ज्या गुणामुळे ही जनुके सर्वप्रथम हाती लागली, तोच गुण त्यांना असामान्य ठरवतो. १९७७ मध्ये इतर जनुकांत इंट्रॉन आढळले. या जनुकांत ते नव्हते. बहुतेक संदेशवाहक आरएनएच्या शेवटी असणारी पॉली-ए शेपटीही यांच्या संदेशाला नसते. फार काय, खुद्द अर्चिनमध्येच ब्लास्टुलाच्या उत्तरार्धापासून वापरात येणारी ‘उत्तरकालीन’ हिस्टोन जनुके थोड्याच प्रतींत असतात. मानवात ही जनुके मुख्यतः सहाव्या व पहिल्या गुणसूत्रांवर समूहाने असली, तरी अशी नियमित पुनरावृत्ती तेथे नाही.

शेकडो प्रतींचे स्पष्टीकरण गरजेत सापडते. गुणसूत्रांत हिस्टोनचे वजन डीएनएच्या जवळपास बरोबरीचे असते. पहिल्या दिवसातच एका पेशीच्या शेकडो पेशी करणाऱ्या भ्रूणाला हा पुरवठा अल्पावधीत करावा लागतो. विभाजनाचा वेग मंदावला की थोड्या प्रती पुरतात. आरंभीच्या जनुकांकडून उत्तरकालीन जनुकांकडे होणारा बदल या संशोधनाने उत्तम नोंदवला. मात्र बदलाची वेळ सिद्ध होणे म्हणजे तो बदल पेशींच्या विशेषीकरणाचे कारण असल्याचे सिद्ध होणे नव्हे.

अपवादातून गवसलेला नियम

असे असूनही या जनुकांचे वेगळेपणच सर्वांत फलदायी ठरले. ग्रोशेडल व बिर्नस्टील यांनी १९८० मध्ये अर्चिनचे एच-२ए जनुक बेडकाच्या अंडकात घातले आणि जनुकाच्या बऱ्याच आधी असलेला भाग प्रतिलेखनाचे प्रमाण ठरवतो, हे दाखवले. एच-३ जनुकाच्या संदेशाचे टोक मात्र बेडकाच्या अंडकात नीट तयार होत नव्हते. १९८३ मध्ये अर्चिनमधील सुमारे ६० न्यूक्लिओटाइडांचा एक लहान आरएनए सोबत दिल्यावर ते टोक तयार झाले. हाच पुढे ‘यू-७’ म्हणून ओळखला गेला. १९८६ मध्ये संदेशातील बिघाड यू-७ मध्ये पूरक बदल करून दुरुस्त करता आला. त्यामुळे दोहोंतील प्रत्यक्ष जोडणीचा भक्कम पुरावा मिळाला.

हा निष्कर्ष अर्चिनपुरता राहिला नाही. डीएनएच्या प्रतिकृतीशी निगडित हिस्टोन संदेशांच्या टोकाचा केसपिनेसारखा घडीदार भाग व यू-७ चे कार्य मानवासह अनेक प्राण्यांत आढळते.

समारोप

२००६ मध्ये अर्चिनचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाल्यानंतर हिस्टोन जनुकांचा आढावाही पुन्हा घेण्यात आला. आज मागे वळून पाहताना या संशोधनातील निष्कर्षांचे तीन वर्ग करावे लागतात. प्रतींची पुनरावृत्ती आणि पूर्वकेंद्रकातील साठा यांचे व्यापकीकरण करता येत नाही. पॉली-ए शेपटीचा अभाव हे प्रतिकृतीशी निगडित हिस्टोन संदेशांचे वैशिष्ट्य आहे. टोकाच्या घडणीची यंत्रणा मात्र प्राणिसृष्टीत दूरवर पोहोचते. विशेष असे की, सर्वांत व्यापक ठरलेला निष्कर्ष हा सर्वांत विचित्र वाटलेल्या लक्षणाच्या शोधातून आला. पदव्युत्तर वर्गांत हा विषय शिकवताना हे तीन वर्ग वेगळे ठेवले, तर विद्यार्थ्याला माहितीबरोबरच पुराव्याची मर्यादा ओळखण्याची शिस्तही मिळेल.