राख दिसते, नोंदी दिसत नाहीत

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. महानिर्मितीचे १३४० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र ही त्याची बाहेरच्या जगातली ओळख. आपल्याकडच्या दगडी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे शंभर पोती कोळसा जाळला की तीस-चाळीस पोती राख उरणारच. ती पाण्यात कालवून वारेगाव, नांदगाव इथल्या राखतलावांत सोडली गेली. राख डोळ्यांना दिसते. तिच्यातून विहिरीत काय उतरते ते दिसत नाही. तिथे रसायनशास्त्राच्या आकड्यांवरच भिस्त ठेवावी लागते. आमची तक्रार आहे ती या आकड्यांबद्दल.

आकडे नाहीत असे नव्हे. पर्यावरण मंजुरीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे असे अधिसूचनेतच लिहिले आहे. वाचून बरे वाटते. पण देशातल्या निरनिराळ्या प्रकल्पांचे असे जे अहवाल आम्ही चाळले, त्यांत बहुधा एक तक्ता आणि त्याच्या शेवटी ‘मर्यादेच्या आत’ एवढा शेरा असतो. हा निकाल झाला, नोंद नव्हे. निकाल तपासायचा तर नोंदच लागते.

एक उदाहरण घेऊ. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००) आर्सेनिकची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. समजा, वापरलेल्या पद्धतीला ०.०२ च्या खालचे आर्सेनिक ओळखताच येत नाही. मग तक्त्यातल्या ‘आढळले नाही’ या शब्दांना काय अर्थ उरला? मर्यादेच्या दीडपट आर्सेनिक असलेले पाणीही या चाळणीतून निर्धास्त निघून जाईल. नमुना मे महिन्यातला की भर पावसातला, गाळून घेतला की न गाळता, तो बाटलीत टिकावा म्हणून आम्ल घातले होते का, विहीर तलावापासून किती अंतरावर, हे सारे त्या एका आकड्याचे भाग आहेत. ते गाळले की मागे उरते ते निव्वळ चिन्ह.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘पोल्युटेड पॉवर’ या अहवालाचे मोल आम्हाला मोठे वाटते. नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी कोराडी व खापरखेडा केंद्रांच्या परिसरातील पाण्याची आणि राखेची तपासणी करून तो लिहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी भागाला भेट दिली आणि नांदगावच्या तलावात राख टाकणे थांबवण्यास सांगितले. आकडे गावाच्या हाती आले की काय घडू शकते ते यात दिसते. तरीही अशा एका मोहिमेचे आकडे काही दिवसांचे असतात, आणि वीजकेंद्र चालते दशकानुदशके. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळा येथील राखतलाव फुटला. त्याआधीच्या दहा वर्षांच्या, महिन्यामहिन्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असत्या, तर नंतरच्या पाण्याची तुलना कशाशी करायची हा प्रश्नच पडला नसता.

दोष केवळ वीजकेंद्रांचा वा मंडळांचा म्हणता येणार नाही. रसायनशास्त्राला आकडे कुलपात ठेवायची जुनी खोड आहे. अमेरिकेत २००४ साली पबकेम हा रेणूंच्या माहितीचा मोफत संग्रह सरकारी खर्चाने सुरू झाला, तेव्हा त्याच्यावर बंधने घालावीत अशी मागणी खुद्द तिथल्या केमिकल सोसायटीने केली. तिचा स्वतःचा विकतचा संग्रह होता ना! त्याच देशात ज्याँ-क्लोद ब्रॅडली या प्राध्यापकांनी २००६ पासून उलटा रस्ता धरला. प्रयोगवही रोजच्या रोज सर्वांसमोर उघडी, फसलेल्या प्रयोगांसह. पुढे त्यांनी पदार्थांची विद्राव्यता मोजायचे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आणि मूळ नोंदी तशाच खुल्या ठेवल्या.

आमच्या शाळा-महाविद्यालयांत काय चालते? अनुमापनात ब्युरेटची तीन वाचने सारखी यावीत म्हणून १०.२, १०.२, १०.२ असे लिहिले जाते. १०.६ आले असेल तर खोडरबर आहेच. गुण सारखेपणाला मिळतात, हे विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला उमगते, आणि ते त्याला शिकवणारे आम्हीच. हाच विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून ‘मर्यादेच्या आत’ लिहील, तेव्हा त्याला कोणत्या तोंडाने बोलायचे?

राखतलावाजवळच्या एखाद्या शाळेला दर महिन्याच्या ठरावीक तारखेला दोन-तीन विहिरींच्या पाण्याचा सामू आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोजणे अवघड नाही. उपकरणे साधी आहेत. तारीख, वेळ, आधी झालेला पाऊस, उपकरण कशावर जुळवून घेतले आणि मोजणाऱ्याचे नाव, एवढे वहीत लिहावे. खोडू नये, चुकले तर एक रेघ मारून शेजारी लिहावे. वही ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता यावी. यातून आर्सेनिक किंवा पारा कळणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण क्षार एकाएकी चढले, तर मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुना कोणत्या विहिरीचा आणि कोणत्या महिन्यात पाठवायचा, ते कळेल.