साठ पौंडांचे ज्ञान

"एसीतला गॅस संपलाय, भरावा लागेल." हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे, आणि बहुतेकांनी पैसे मोजून ते मान्यही केले आहे. एका उन्हाळ्यात आमच्या घरीही ते ऐकू आले. मिस्त्रींबरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक शिकाऊ मुलगा होता. यंत्र जुने, आर-२२ या शीतकावर चालणारे. मिस्त्रींनी गेज जोडला, सिलिंडर उघडला आणि काटा साठाच्या पुढे सरकल्यावर बंद केला. मुलाने विचारले, "काका, साठच का?" मिस्त्री म्हणाले, "साठ-सत्तर पौंड ठेवायचं. लक्षात ठेव, बास."

मुलाचा प्रश्न तिथेच विरला. शीतकरणाच्या कामाचे शिक्षण आपल्याकडे कुठे अडते, हे मात्र त्या दोन वाक्यांत दिसले.

आधी 'गॅस संपला' या शब्दांकडे पाहू. स्कूटरमधले पेट्रोल संपते, कारण ते जळते. शीतक जळत नाही. बंद नळ्यांमधून ते पुन्हा पुन्हा फिरते. खोलीत उष्णता घेऊन त्याची वाफ होते आणि बाहेर उष्णता टाकून ते पुन्हा द्रव होते. ते कमी झाले असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. ते पाणी अंगणात जाते, हा गॅस वातावरणात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने १ किलो आर-२२ हवेत सुटल्याने पृथ्वी जितकी तापते, तितकी तापवायला सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड लागेल.

आता साठ पौंड. द्रव किती तापमानाला उकळतो हे दाबावर ठरते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. एसीच्या आतल्या गुंडाळीत शीतक उकळत असते, आणि ते किती अंशांना उकळावे हे आपण दाबाने ठरवतो. आर-२२ साठी गेजवरचे साठ ते सत्तर पौंड म्हणजे सुमारे १ ते ५ अंश सेल्सिअस. त्याहून फार खाली गेलो तर गुंडाळीवर बर्फ धरेल; फार वर राहिलो तर खोली गार होणार नाही. म्हणजे मिस्त्रींचा आकडा बरोबर होता. फक्त तो एकाच पदार्थाचा आकडा होता.

नव्या एसींमध्ये बहुधा आर-३२ असते. त्याला ५ अंशांना उकळवायचे तर गेजवर सुमारे १२० पौंड हवेत. इथे साठाचा नियम उघडच चुकतो, आणि चूक लवकर लक्षात येते. प्रोपेनची, म्हणजे आर-२९० ची, गोष्ट अधिक घातक आहे. ५ अंशांना त्याचा दाब सुमारे ६५ पौंड, जवळजवळ आर-२२ इतकाच. काटा ओळखीच्या जागी थांबतो आणि जुना नियम खरा वाटतो. पण प्रोपेन हा ज्वालाग्राही वायू आहे. व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून नळीतली हवा 'ढकलून' देण्याची सवय ज्याच्या हाताला लागली आहे, तो बंद खोलीत हेच करील, आणि जवळच ब्रेझिंगची ज्योत पेटलेली असेल. नियम पाठ होता, कारण ठाऊक नव्हते. अपघाताला एवढे पुरते.

यात मिस्त्रींना दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. तांब्याच्या नळीला न चिरता फ्लेअर काढणे, जोड पक्का झळणे, कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड ओळखणे, हे पुस्तकात मिळत नाही. ते उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामागेही काम करता करता शिकण्याचीच कल्पना आहे. माझी तक्रार निराळी आहे: हाताला शिकवणारा 'का' सांगत नाही, आणि 'का' शिकवणारा हात लावू देत नाही. आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सिद्धांत आहे. पण शीतकाचा उत्कलनांक चार पर्यायांतून निवडता आला म्हणजे तो समजला असे नव्हे. भारताच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य होते. ते योग्यच होते. परंतु प्रमाणपत्रांची मोजणी ही समजुतीची मोजणी नव्हे.

आणि या धंद्यात समजुतीशिवाय निभणार नाही, कारण पदार्थच बदलत राहतात. ओझोनच्या थरासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि एके काळी घरोघरच्या फ्रीजमध्ये असलेले आर-१२ गेले. आर-२२ चा क्रम त्यामागोमाग लागला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला हायड्रोफ्लुरोकार्बन गटातील शीतकांचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे, आणि आर-३२ याच गटातले आहे. आज अठरा वर्षांचा असलेला उमेदवार तेव्हा ऐन चाळिशीत असेल. तोवर त्याने पाठ केलेले आकडे किती वेळा बदलतील? दाब आणि उत्कलनांक यांचे नाते मात्र तेच राहील.

हे नाते आपल्या वर्गातून सुरू होऊ शकते. अप्रकट उष्मा आपण शिकवतो. ८० आणि ५४० हे आकडे मुलांना पाठ असतात. बर्फावरची तार दाखवून दाबाने द्रवणांक बदलतो हेही सांगतो. एक पाऊल पुढे जाऊ. सुई नसलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या, साधारण ६० अंशांचे. ते शिक्षकांनीच हाताळावे. हवा काढून टोक रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. खाली ज्योत नसताना पाणी उकळू लागेल. दट्ट्या सोडला की उकळणे थांबेल. एसीच्या गुंडाळीत हेच घडते, एवढे सांगितले की पुरे. जमले तर गावातल्या एखाद्या मिस्त्रींना त्या दिवशी गेज घेऊन वर्गात बोलवावे. मुलांना काटा पाहायला मिळेल, आणि मिस्त्रींना सिरिंज.

त्या वर्गातला एखादा मुलगा उद्या कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करील. तोही विचारील, "काका, साठच का?" उत्तर मिळाले नाही, तरी ते स्वतः शोधायचे कसे, हे त्याला माहीत असेल.