मंडळीचा निर्णय आणि निशाणाची छाया

ख्रिश्चन कैसर यांचा ‘एक पापुआ मंडळी’ या अर्थाच्या शीर्षकाचा जर्मन ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९८० साली निघाला. समूहाने एकत्र ख्रिस्ताकडे यावे काय, हा प्रश्न ज्या पाळकांपुढे व धर्मशिक्षकांपुढे उभा राहतो त्यांनी तो अवश्य वाचावा. मात्र सावधपणे वाचावा, असे आमचे मत आहे.

योहान फ्लीर्ल १८८६ साली जर्मन न्यू गिनीत फिन्शहाफेनजवळ येऊन राहिले. पहिले दोन बाप्तिस्मे व्हावयास १८९९ साल उजाडले. त्याच वर्षी तेथे आलेल्या कैसर यांनी पुढे मर्म ओळखले: काटे लोकांत महत्त्वाचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, गाव घेते. म्हणून त्यांनी सुवार्ता गावाच्या सभेपुढे ठेवली. १९०८ साली झाटेलबेर्गच्या मंडळीने आपलेच सुवार्तिक हुबे लोकांकडे पाठविले. कालची श्रोती मंडळी आज पाठविणारी झाली, यातच या कार्याचे खरे मोल आहे.

परंतु ही गावे स्वतंत्र नव्हती. १८८४ साली तेथे जर्मन निशाण उभारले गेले. १८८५ च्या सनदेने न्यू गिनी कंपनीस कारभार आणि ‘बेवारशी’ ठरविलेली जमीन घेण्याचा हक्क मिळाला. १८९९ साली साम्राज्याने कारभार स्वतःकडे घेतला. गावोगावचे तरुण कराराने मळ्यांवर नेले जात, आणि मजुरांना फटक्यांची शिक्षा कायद्यास मान्य होती. अशा राज्यात गोऱ्या मिशनऱ्याने प्रश्न मांडला, तर ‘होय’ म्हणणाऱ्या सभेच्या मनात श्रद्धा किती आणि भय किती? कैसर मंडळीचे अंतरंग आस्थेने उलगडतात. या प्रश्नास मात्र पुरेसे वजन देत नाहीत.

दुसरे असे की, सभेचे एकमत हाच पवित्र आत्म्याचा आवाज मानला, तर सभेत न बोलणाऱ्या स्त्रीचे आणि न पटलेल्या तरुणाचे काय? ‘लोक’ ही कल्पना १९३० च्या दशकात जर्मनीत वंशाभिमानाच्या दावणीला बांधली गेली, हे विसरता येत नाही.

तरीही न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे: १९१४ साली ऑस्ट्रेलियन सैन्याने तो प्रदेश घेतला, मायदेशी गेलेले कैसर पुन्हा परतू शकले नाहीत, तरी मंडळी टिकली; १९५६ साली न्यू गिनीची लुथरन मंडळी संघटित झाली. केवळ भयाने घेतलेला निर्णय इतका टिकत नाही. म्हणून समूहाच्या निर्णयास आम्ही दूषण देत नाही. बाप्तिस्म्यासाठी गाव पुढे आले, तर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला खरोखर होती काय, हे पाळकाने आधी पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.