लोर्ना यांचे गायन : कोकणी जॅझगीत आणि मराठी संगीतसमीक्षेची मर्यादा

प्रास्ताविक

मराठी संगीतविचारात गोव्याचे स्थान मोठे आहे. परंतु ते एकाच दिशेने पाहिलेले आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर या नावांनी आपला गोवा पूर्ण होतो. देवळाच्या परिसरातून ख्यालाकडे आणि नाट्यपदाकडे आलेली ही परंपरा आपण अभिमानाने आपली मानतो. त्याच भूमीत चर्चशी जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून बाहेर पडलेली, मुंबई-कोलकात्याच्या वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहांत वावरलेली दुसरी एक परंपरा आहे. तिची दखल आपण क्वचितच घेतली. या दुसऱ्या परंपरेतील सर्वाधिक लोकप्रिय गायिका म्हणजे लोर्ना कोर्दैरो. त्यांच्या गायनाचे मूल्यमापन करणे आणि त्या निमित्ताने आपल्या समीक्षेचे निकष तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

१९४६ साली जन्मलेल्या लोर्ना मुंबईत वाढल्या. किशोरवयातच त्यांचा आवाज ख्रिस पेरी यांनी हेरला. मडगावजवळच्या बोर्डा येथील पेरी (१९२८–२००२) हे ट्रम्पेट व सॅक्सोफोन या दोन्ही वाद्यांवर प्रभुत्व असलेले वादक, संगीतकार आणि गीतकार होते. त्या काळी चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत आणि हॉटेलांत जॅझचे वाद्यवृंद नियमित वाजत. वादकांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. रात्री नृत्यासाठी वाजवणारे हेच हात दिवसा चित्रपटगीतांसाठी वाजत. 'अलबेला' (१९५१) मध्ये सी. रामचंद्र यांच्या संगीताला जी लय मिळाली, तिच्यामागे चिक चॉकलेट या नावाने ख्यात असलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ होते. सी. रामचंद्र हे नाव आपण आदराने घेतो. त्या रचनांतील दुसऱ्या हाताचे नाव मात्र आपल्या अभ्यासक्रमात येत नाही.

लोर्ना प्रथम इंग्रजी गीते गात. त्यांच्या आवाजाचे खरे सामर्थ्य प्रकटले ते पेरी यांच्या कोकणी रचनांत. 'बेबदो', 'पिसो', 'नशिबाक रडटा', 'तुजो मोग' या ध्वनिमुद्रिका गोव्यात, मुंबईच्या गोमंतकीय वस्त्यांत आणि आखाती देशांत गेलेल्या गोमंतकीयांच्या घरांत पोहोचल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६७ मध्ये जनमत कौल झाला. ज्या दशकात कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद पेटलेला होता, त्याच दशकात ही भाषा आधुनिक शहरी वाद्यवृंदासह गाऊ लागली. भाषेच्या सामर्थ्याचा असा पुरावा वादविवादातील कोणत्याही युक्तिवादाहून कमी महत्त्वाचा नव्हता.

गायनाचे स्वरूप

लोर्ना यांचा आवाज भरदार, किंचित खरखरीत आणि खालच्या पट्टीत अधिक खुलणारा आहे. लता मंगेशकर यांच्या प्रभावामुळे स्त्रीच्या आवाजाविषयी आपल्या ज्या अपेक्षा घडल्या, त्यांत उंच पट्टी, तलम पोत आणि निष्कलंक सूर यांना अग्रस्थान मिळाले. या अपेक्षांनी लोर्ना यांचे गायन ऐकणाऱ्यास ते प्रथम ओबडधोबड वाटण्याची शक्यता आहे. परंतु हा ओबडधोबडपणा अपुऱ्या साधनेतून आलेला नाही. सुरावर येण्यापूर्वी किंचित खालून सरकणे, तालाच्या ठोक्यामागे क्षणभर रेंगाळणे, ओळीचा शेवट बोलल्यासारखा सोडून देणे ही जॅझगायनाची साधने आहेत आणि लोर्ना ती अर्थाच्या सेवेला लावतात. वेगवान गीतात त्यांचा शब्दोच्चार वाद्यांच्या आघातांशी झुंजतो. विलापगीतात तोच आवाज दाटून येतो, पण रडवेला होत नाही.

याहून महत्त्वाची बाब भाषेची आहे. कोकणीतील अनुनासिक स्वर आणि ऱ्हस्व शब्दान्त इंग्रजी गीताच्या साच्यात सहज बसत नाहीत. पेरी यांनी रचना करताना आणि लोर्ना यांनी गाताना साचा भाषेला वाकवू दिला नाही. भाषेने साचा वाकवला. म्हणूनच 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' हा आक्षेप येथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे. लोर्ना यांची गीते मात्र ध्वनिमुद्रिकेच्या तीन-चार मिनिटांत बांधलेली आणि नृत्यासाठी रचलेली आहेत. काटेकोर अर्थाने त्यांना जॅझ म्हणावे काय? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. ध्वनिमुद्रिकेत स्वरविस्तार जवळजवळ नाही. तथापि भावगीतात ख्यालाचा विस्तार नसतो, म्हणून त्यातील रागसंस्कार आपण नाकारत नाही. तोच न्याय येथेही लावणे उचित ठरेल.

स्वर कोणाचा?

लोर्ना यांच्या कारकिर्दीतील कळीचा प्रश्न स्वामित्वाचा आहे. पेरी यांच्या वाद्यवृंदाखेरीज अन्यत्र न गाण्याचे बंधन त्यांच्यावर होते, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सातत्याने सांगितले जाते. दोघांची वाट वेगळी झाल्यानंतर लोर्ना दोन दशकांहून अधिक काळ रंगमंचापासून दूर राहिल्या. गायिकेच्या आयुष्यातील हा ऐन उमेदीचा काळ होता. १९९५ मध्ये मिरामार येथे त्यांनी पुनरागमन केले, तेव्हा श्रोत्यांची प्रचंड गर्दी लोटली.

येथे ब्राझीलच्या एलिस रेजिना (१९४५–१९८२) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. दोघी समवयस्क, दोघींवर पोर्तुगीज वसाहतीचा वारसा असलेल्या समाजाचे संस्कार, दोघींनी जॅझचे संस्कार स्वभाषेत मुरवले. एलिस यांनी १९६५ च्या दूरचित्रवाणी महोत्सवात नाव मिळवले, मिल्टन नासिमेंतो यांच्यासारख्या तेव्हा अपरिचित असलेल्या संगीतकाराची रचना प्रथम लोकांपुढे आणली आणि १९७४ मध्ये तोम जोबिम यांच्यासह समान अधिकाराने ध्वनिमुद्रिका केली. त्यांना अनेक संगीतकारांतून निवड करता आली. छत्तिसाव्या वर्षी मृत्यू येऊनही त्यांच्यामागे विविधतेने समृद्ध असे कार्य उरले. लोर्ना यांना दीर्घायुष्य लाभले. निवडीचे स्वातंत्र्य लाभले नाही. हा फरक प्रतिभेचा नसून व्यवस्थेचा आहे. ब्राझीलमध्ये स्वभाषेतील संगीताचा मोठा बाजार, दूरचित्रवाणी आणि संगीतकारांची पिढी उपलब्ध होती; कोकणीत एक वाद्यवृंद, एक संगीतकार आणि मर्यादित ग्राहकवर्ग होता. अशा लहान भाषेत एक दार बंद झाले की दुसरे उघडत नाही.

बार्द्रॉय बार्रेतो यांच्या 'नाचुंया कुंपासार' या चित्रपटाने ही गीते नव्या पिढीपर्यंत नेली. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. या कार्याचे श्रेय मोठे आहे. मात्र चित्रपटानंतरच्या चर्चेत विफल प्रेमाची कथाच पुढे आली आणि गायनाची चिकित्सा मागे पडली. स्त्री-कलावंताचे मूल्यमापन तिच्या दुःखावरून करण्याची सवय आपल्याही नाट्य-चित्रपटविषयक लेखनात कमी नाही. सहानुभूती ही समीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला मान्यता दिली. रोमी लिपीत लिहिले-गायले जाणारे विश्व अधिकृत चौकटीबाहेर राहिले. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने ते दुहेरी परके झाले : लिपीने आणि संगीताने. परंतु कान लिपी ओळखत नाही. लोर्ना यांची गीते मराठी श्रोत्यास बव्हंशी समजतात, ही साधी गोष्टच आपल्या उपेक्षेला निरुत्तर करते.

आपल्या महाविद्यालयांत संगीत, भाषा, स्त्री-अभ्यास आणि इतिहास हे विभाग परस्परांशेजारी असूनही परस्परांपासून दूर असतात. लोर्ना यांच्यासारखा विषय कोणत्याही एका विभागाचा नाही, म्हणून तो कोणाचाच राहत नाही. खरखरीत आवाजाचे सौंदर्य, ठोक्यामागे रेंगाळणारी लय, करारबद्ध गायिकेचे कर्तृत्व यांविषयी बोलण्यासाठी मराठी समीक्षेला नवी परिभाषा घडवावी लागेल. ती घडवण्याचे काम कोकणी अभ्यासकांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. कारण हे संगीत जेथे घडले, ती मुंबई आपलीही आहे.