‘अस्तु’ : स्मृतिभ्रंश आणि स्वत्वाचे सादरीकरण

मेंदू दुबळा झालेला माणूस इतरांसमोर स्वतःला कसा मांडतो, हा प्रश्न सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. आर्व्हिंग गॉफमन यांच्या १९५९ मधील विवेचनानुसार स्वत्वाच्या सादरीकरणात पाहणाराही सहभागी असतो. अल्झायमर्सग्रस्त संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांच्यात कन्या इरा पूर्वीचे वडील शोधते. साहजिकच तिला उणीव जाणवते. हत्तीमागे भरकटलेल्या शास्त्रींना चन्नम्मा (अमृता सुभाष) पूर्वपरिचयाविना स्वीकारते. तेथे पांडित्य सिद्ध करावे लागत नाही. तथापि चन्नम्माचा सहवास अल्पकाळाचा, तर इराची जबाबदारी दीर्घकाळाची आहे. हा भेद न तोलता चन्नम्माला आदर्श ठरविणे इरावर अन्यायकारक होईल. सारांश, रुग्णाची प्रतिष्ठा बव्हंशी पाहणाऱ्याच्या अपेक्षांवर अवलंबून असते.