स्विडन : देश नव्हे, शब्द

'स्विडन' असं मराठीत लिहिलं की पहिली पंचाईत ही होते की वाचणाऱ्याला देश आठवतो. देशाच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही. गंमत एवढीच की तो पुन्हा वापरात आणणारे दोघेही स्वीडिश होते.

शब्द जुन्या नॉर्स मुळाचा. उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो तग धरून होता आणि अर्थ होता 'होरपळलेली जागा', म्हणजे झाडोरा तोडून, जाळून शेतीसाठी मोकळी केलेली जमीन. लाओसमधल्या लामेत लोकांवर लिहिणाऱ्या कार्ल गुस्ताव इझिकोविट्झ यांना तो भाषाशास्त्रज्ञ आयलर्ट एकवाल यांनी सुचवला. इझिकोविट्झ यांचं पुस्तक १९५१ मध्ये आलं. पुढे फिलिपिन्समधल्या हानुनोओ लोकांच्या शेतीचा अभ्यास करणाऱ्या हॅरोल्ड कॉन्क्लिन यांनी तो रुळवला. 'स्लॅश अँड बर्न' म्हटलं की शेतकरी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्यापेक्षा हा शब्द सभ्य. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. जंगल मोडून शेती करण्याला इंग्रजीत आणखी एक जुना शब्द होता, 'असार्ट'. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. मुळात अर्थ खुरपून, उपटून काढणं. नॉर्मन राजांच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय असार्ट केलं की दंड भरावा लागे. आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा. असार्टमध्ये झाड मुळासकट जातं आणि जमीन कायमची शेत होते. स्विडनमध्ये बहुतेक वेळा बुंधा जमिनीत राहतो. दोन-तीन पिकं घेऊन माणूस बाजूला झाला की त्याच बुंध्याला धुमारे फुटतात. पहिल्यात जंगल संपतं, दुसऱ्यात ते रांगेत उभं असतं, आपली पाळी येईपर्यंत. हा फरक बोलीभाषेला कळत होता. आपल्या 'जंगलतोड' या शब्दात मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात.

पण स्विडनही पुरा शब्द नाही. तो आगीपाशी थांबतो. आग ही या शेतीतली काही तासांची गोष्ट. राखेतून पोटॅश, कॅल्शियम, फॉस्फरस मिळतं, मातीचा आंबटपणा कमी होतो, तणाचं बरंचसं बी मरतं. नत्र आणि गंधक मात्र बरंचसं धुरावाटे उडून जातं. खरं काम होतं ते पडीच्या वर्षांत. मेघालयातल्या झूमवर पी. एस. रामकृष्णन यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की चक्र दहा वर्षांच्या आसपास असेल तर ही शेती चालते, पाचेक वर्षांवर आलं की खालावते. म्हणजे प्रश्न काडी लावण्याचा नाही, थांबण्याचा आहे. आणि थांबण्याला या शब्दात जागाच नाही.

शाळेच्या भूगोलातली यादी आठवते? झूम, बेवर, पोडू, मिलपा, लदांग... आणि पश्चिम घाटासाठी 'कुमारी'! (आपली कुमरी हो. रोमन लिपीत जाऊन आल्यावर तिचं असं झालं.) यादी सांगते की ही सगळी एकाच गोष्टीची नावं. तसं नाही. मिलपा म्हणजे मका, घेवडा, भोपळा एकत्र लावलेलं शेत, आणि लदांग म्हणजे कोरडवाहू शेत. ही नावं जागेची आहेत, जाळण्याची नव्हेत. पाठ करायला यादी बरी, समजायला निरुपयोगी.

आपल्याकडची 'दळी' तशीच. रायगड-ठाण्याच्या डोंगरउतारावर कातकरी, ठाकूर नाचणी-वरी घेतात तो तुकडा म्हणजे दळी. पिकात असो वा पडीक, तो तुकडा दळीच राहतो. म्हणून मला हा शब्द स्विडनपेक्षा सरस वाटतो. आणि 'राब' याच पंगतीत बसवू नका. राबात भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून भाजतात. शेत जागचं हलत नाही. या राबासाठी फांद्या तोडू द्यायच्या की नाही, हा ठाणे-कुलाबा भागातल्या लोकांच्या गाऱ्हाण्यांसाठी नेमलेल्या १८८५च्या वन आयोगापुढचा मोठा वाद होता. आग दोन्हीकडे आहे, म्हणून पद्धत एक ठरत नाही.

हा शब्दांचा कीस वाटेल, पण दप्तरं शब्दांवरच चालतात. आपल्या जमीनवापराच्या वर्गवारीत एक वर्षापर्यंत ती 'चालू पड', पाच वर्षांपर्यंत 'इतर पड' आणि त्यापुढे 'लागवडीयोग्य पडीक'. दहा वर्षांच्या चक्राला रकानाच नाही. वनखात्याच्या हद्दीत असेल तर ती सरळ जंगलच. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पण त्या वर्षी दळी पडीला सोडलेली असेल, तर उपग्रहाच्या चित्रात नाचणी कुठून दिसणार? दिसतात ते धुमारे. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, पर्याय म्हणून नाही, असं २०१२च्या सुधारित नियमांत लिहिलेलं आहे. दावा भरणाऱ्या कुणाला ओळखत असाल तर त्यांना हे जरूर सांगा. आणि अर्जात 'फिरती शेती' असं लिहू नका म्हणावं, 'दळी' लिहा, आणि ती किती वर्षं पडीला ठेवतात तेही.