कटूरा : पत्नी की उपपत्नी?

अब्राहामाच्या कुटुंबकथेची चर्चा बहुधा सारा आणि हागार यांच्यापाशीच थांबते. साराच्या मृत्यूच्या कथनानंतर येणाऱ्या कटूरेला ‘उत्पत्ती’च्या २५व्या अध्यायात जेमतेम काही वचने लाभतात. तिचे कुळ सांगितलेले नाही, तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. आहेत ते केवळ सहा पुत्र.

पहिल्या वचनात तिच्यासाठी ‘पत्नी’ या अर्थाचा ‘इश्शा’ हा हिब्रू शब्द येतो. पाचव्या वचनात सर्वस्व इसहाकाला मिळते आणि सहाव्यात ‘उपपत्नींच्या’ पुत्रांना देणग्या देऊन पूर्वेकडे धाडले जाते. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात तर कटूरा उघडच उपपत्नी ठरते. हा निव्वळ शब्दभेद नव्हे. वारस निश्चित झाला की मातेचा दर्जा घसरतो, हा क्रम लक्षणीय आहे.

अकराव्या शतकातील भाष्यकार राशी याने जुन्या मिद्राशाला अनुसरून कटूरा म्हणजेच हागार असे मानले. नावाचा संबंध धूपाशी जोडून तिचे आचरण सुगंधी ठरविले. या अर्थनिर्णयात हागारेला न्याय देण्याची सहृदयता आहे खरी; पण त्यात कटूरा पुरती नाहीशी होते. इब्न एझ्राने हे ऐक्य नाकारले, ते अधिक संहितानिष्ठ होय.

कटूरेच्या पुत्रांपैकी एक मिद्यान. पुढे फारोच्या भयाने पळालेल्या मोशेला आश्रय मिळाला तो मिद्यान देशातच, आणि त्याची पत्नी सिप्पोरा ही तेथील याजकाची कन्या.